क्लॅरिनेटवाला गेनबा आणि त्याचा पुढचा दात

एका गावात बँडवाले पुष्कळ होते, पण भोळा त्यांत एकच होता. त्याचं नाव गेनबा. तो क्लॅरिनेट वाजवायचा.

आणि वाजवायचा अशी, की वरातीतला घोडासुद्धा पाय तालात टाकायचा. याचं कारण सोपं होतं. बँडमध्ये मास्तर सांगतील ते करायचं असतं, तेवढंच करायचं असतं आणि स्वतःचं डोकं घरी ठेवून यायचं असतं. गेनबाला यातलं काहीच जड जात नसे.

बँडचे मास्तर होते कासममास्तर. त्यांच्या बँडची शिस्त मोठी. जरीच्या पट्टीचा लाल कोट घालून क्लॅरिनेटवाला सगळ्यांच्या पुढे चालायचा. खुळखुळा हलवणारा सगळ्यांच्या मागे, जनरेटरच्या गाडीला चिकटून, धूर गिळत चालायचा. ही जागा दिगंबर नावाच्या माणसाकडे होती. दिगंबरला धुराचा कंटाळा आला होता आणि त्याला क्लॅरिनेटही थोडीफार यायची. थोडी जास्त, फार कमी.

त्या वर्षी तुळशीची लग्नं झाली आणि माणसांची सुरू झाली. पहिल्याच वरातीआधी कासममास्तरांनी गेनबाला बाजूला घेतलं.

"गेन्या, मागच्या वरातीत तू मधेच पाणी प्यायला थांबलास. आज मी हात वर करीपर्यंत क्लॅरिनेट तोंडातनं निघता कामा नये. सरळ चालायचं आणि वाजवायचं."

"बरं, मास्तर."

वरात चावडीपाशी आली. तिथं रस्ता उजवीकडे वळतो. वरात वळली, घोडा वळला, ढोलवाला वळला. गेनबाला वळायला कुणी सांगितलं नव्हतं. समोर विजेचा खांब होता. क्लॅरिनेटचं एक टोक खांबाला लागलं आणि दुसरं टोक गेनबाच्या पुढच्या दाताला. खांब सिमेंटचा होता. दात पडला.

गेनबा वाजवत राहिला. मास्तर पळत आले, त्यांनी कपाळावर मारून घ्यायला हात वर केला, तेव्हा कुठे गेनबानं तोंडातून क्लॅरिनेट काढली. मग दात काढला आणि मास्तरांच्या हातावर ठेवला.

"अरे शहाण्या," मास्तर म्हणाले, "आडवं काही आलं तर थांबावं माणसानं!"

"एवढंच ना? आधी सांगायचं."

आणि गेनबानं ते वाक्य डोक्यात नीट बसवलं.

दुसऱ्या दिवशी तालमीत गेनबानं क्लॅरिनेट तोंडाला लावली. पूर्वी सूर निघायचा तिथं आता नुसता वारा निघाला. दाताच्या खिंडीतून सगळी हवा दिगंबरच्या अंगावर गेली. दिगंबर गारव्यानं सुखावला.

मास्तरांनी निकाल दिला. "गेन्या, वैशाखात बागल अण्णांच्या पोरीचं लग्न आहे. सगळा तालुका येणार. तोवर दात बसवून आलास तर क्लॅरिनेट तुझी. नाही बसला तर ती दिगंबरची, आणि तू खुळखुळा."

घरी गेनबाची बायको हौसा हे ऐकून मटकन खाली बसली. "खुळखुळा? अहो, माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा ढोलावर आहे. मी माहेरी कुठल्या तोंडानं जाऊ? उद्याच्या उद्या तालुक्याला जा आणि दात बसवून या."

गेनबा सकाळी सायकलवर निघाला. वेशीपाशी एक कोंबडी आडवी गेली. गेनबा थांबला. पुढे मेंढरांचा कळप आडवा गेला. गेनबा थांबला, शेवटचं लंगडं मेंढरू जाईपर्यंत थांबला. आणि पुलापलीकडे भर रस्त्यात एक म्हैस बसली होती. ती कुठंच जात नव्हती. गेनबा सायकल धरून तिच्यासमोर उभा राहिला. माणसं बाजूनं जात होती, बैलगाड्या बाजूनं जात होत्या.

एकानं विचारलं, "काय पाव्हणं, म्हैस तुमची का?"

"नाही."

"मग राखायला ठेवलंय का?"

"नाही. आडवी आलीये."

म्हशीनं निवांत रवंथ केलं, डोळे मिटले, उघडले आणि ऊन कललं तेव्हा उठली. गेनबा तालुक्याला पोचला तोवर दवाखान्याला कुलूप होतं.

"तुमच्यापुढं तर बाई हात टेकले," हौसा म्हणाली. "समोरून वाट अडलेली असली तर दुसऱ्या बाजूनं जावं की!"

"एवढंच ना? आधी सांगायचं."

आणि गेनबानं ते वाक्य डोक्यात नीट बसवलं.

दुसऱ्या दिवशी म्हैस नव्हती. दवाखानाही उघडा होता. पण दारात बाकडं होतं, बाकड्यावर माणसं होती, आणि एक म्हातारी दारातच पाय पसरून बसली होती. समोरून वाट अडलेली. गेनबा इमारतीला वळसा घालून मागे गेला. मागे खिडकी होती.

आत शैलजाबाई डॉक्टर एका शाळामास्तरांची दाढ तपासत होत्या. खिडकीतून आधी एक पाय आला, मग दुसरा, मग पूर्ण गेनबा. शाळामास्तरांनी दचकून तोंड मिटलं. त्या तोंडात डॉक्टरांचं बोट होतं.

बोटाला पट्टी बांधून झाल्यावर शैलजाबाई म्हणाल्या, "हे बघा, मी हाक मारल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. कळलं?"

"एवढंच ना? आधी सांगायचं," गेनबा म्हणाला आणि खिडकीतून बाहेर गेला.

हाक आली तेव्हा तो शहाण्यासारखा दारातून आला. शैलजाबाईंनी त्याला खुर्चीत बसवलं, तोंडात दिवा धरला आणि प्लास्टरचा एक जबडा हातात घेऊन समजावलं.

"तुमच्यापुढं दोन मार्ग आहेत. पहिला ब्रिज. पडलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात घासून बारीक करायचे, त्यांच्यावर टोप्या बसवायच्या आणि त्या दोघांच्या आधारानं मधे खोटा दात धरायचा. पंधरा दिवसांत काम होतं."

"बाजूचे दोघं किडलेत का?"

"नाही, ठणठणीत आहेत."

"मग त्यांना कशाची शिक्षा?"

"शिक्षा नाही हो. आधार लागतो म्हणून. दुसरा मार्ग इम्प्लांटचा. जबड्याच्या हाडात एक छोटा स्क्रू बसवायचा. हाड त्याला धरून घेतं, मग त्यावर दात चढवायचा. शेजारच्यांना हात लावायची गरज नाही. पण खर्च जास्त आणि वेळही जास्त."

"वैशाखापर्यंत होईल?"

"वेळेवर आलात तर होईल. नीट विचार करा. ज्यांनी दात बसवून घेतलेत त्यांचे बघा. चांगला बसलेला दात बोटानं हलवून बघितला तरी हलत नाही, ही खूण."

गेनबानं हेही डोक्यात बसवलं. डोक्यात जागा भरपूर होती.

घरी आला आणि अंगणात बसून राहिला. आत हौसानं भाकरी वाढली, ती निवली. हौसा दारात आली तर नवरा तुळशीपाशी मांडी घालून बसलेला.

"अहो, कधी आलात?"

"मघाशीच."

"मग आत यायचं की!"

"हाक मारली नाहीस."

हौसानं डोक्यावरचा पदर सारखा केला. राग आला की ती तसं करायची. "आपल्या घरात हाक लागत नाही. आपलं घर असलं की सरळ आत यावं आणि पाटावर बसावं."

"एवढंच ना? आधी सांगायचं."

आता दात बसवलेलं माणूस शोधायचं होतं. गेनबाला तसे एकच वाटले, माजी सरपंच दत्तू आबा. आबांचे दात मोत्यांसारखे होते आणि ते वयाला शोभत नव्हते. शिवाय आबा प्रत्येक सभेत हात जोडून म्हणत, "माझं घर ते आपलंच घर समजा." गेनबानं ते प्रत्येक सभेत ऐकलं होतं.

तो सरळ आत गेला. आबांचा पाट मांडलेला होता, ताट वाढलेलं होतं. गेनबा पाटावर बसला. आबा हात धुऊन आले आणि त्यांना आपल्या ताटावर गेनबा दिसला.

"अरे, तू इथं कसा?"

"आपलंच घर आहे, आबा. बसा. तोंड उघडा."

आबांना इतकं नवल वाटलं की तोंड आपोआप उघडलं. गेनबानं दोन बोटं घातली आणि पुढचा दात हलवला. दात हलला. शेजारचा हलला. त्याच्या शेजारचा हलला. मग सगळे एकदम बाहेर आले आणि आमटीत पडले. आबांची कवळी होती, आणि ही गोष्ट आबांच्या बायकोशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. आता स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या तीन सुनांनाही कळली.

गेनबानं कवळी आमटीतून काढून उलटसुलट करून पाहिली. "हे हलतंय," तो म्हणाला. "हे नको."

आबांचं बोलणं कवळीशिवाय नीट कळत नव्हतं, पण त्यातलं एक वाक्य गेनबाला उमगलं. "मेल्या, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी मालकाला विचारावं!"

"एवढंच ना? आधी सांगायचं."

दुसऱ्या दिवशी हौसा शेतावर भांगलायला गेली. जाताना म्हणाली, "चुलीवर दूध ठेवलंय. लक्ष ठेवा." गेनबानं लक्ष ठेवलं. दूध वर येताना त्यानं पाहिलं. काठाशी आलेलं पाहिलं. पातेलं मात्र हौसाचं होतं. तिच्या आईनं रुखवतात दिलेलं. गेनबा उठला आणि शेतावर गेला.

"हौसा, एक विचारायचं होतं. दुधाच्या पातेल्याला हात लावू का?"

"का? काय झालं?"

"उतू चाललंय."

हौसा खुरपं टाकून पळाली. घरी दूध चुलीत होतं आणि चूल विझली होती. मांजर तेवढं प्रसन्न होतं.

"उतू जायला लागलं की विचारत बसायचं नसतं!" हौसा ओरडली. "फुंकर मारायची! जोरात!"

"एवढंच ना? आधी सांगायचं."

आणि गेनबानं ते वाक्य डोक्यात नीट बसवलं.

नंतर दोघं दाताच्या विचाराला बसले. हौसाला ब्रिज बरा वाटत होता. पंधरा दिवसांत सुटका. पण गेनबाचं मन घेत नव्हतं. तो आरशासमोर उभा राहून खिंडीच्या दोन्ही बाजूंच्या दातांकडे बराच वेळ बघत राहिला.

"दोघं बिचारे गप उभे आहेत," तो म्हणाला. "खांबावर आदळलो मी, पडला तिसराच, आणि घासायचं यांना?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवरा शहाण्यासारखं बोलला की हौसा अजून गोंधळून जायची. तिनं म्हशीचं रेडकू विकलं आणि इम्प्लांट ठरलं.

शैलजाबाई खूश झाल्या. "छान ठरवलंत. आज आधी तोंडाचं माप घेऊ." त्यांनी एका पत्र्याच्या चमच्यात गुलाबी लगदा भरला आणि तो गेनबाच्या वरच्या दातांवर दाबला. लगदा पसरला, ओठांच्या काठाशी आला आणि बाहेर येऊ लागला.

गेनबानं ओळखलं. उतू चाललं होतं.

विचारत बसायचं नव्हतं. त्यानं फुंकर मारली. गेनबा साधा माणूस नव्हता, दहा वर्षं क्लॅरिनेट वाजवलेला माणूस होता. लगदा शैलजाबाईंच्या चष्म्यावर गेला, केसांत गेला, भिंतीवरच्या हसऱ्या मुलीच्या चित्रावर गेला. पत्र्याचा चमचा दारातून बाहेर जाऊन बाकड्यावरच्या म्हातारीच्या ओटीत पडला. म्हातारीनं तो प्रसादासारखा कपाळाला लावला.

शैलजाबाईंनी चष्मा काढला. चष्म्याखालचा चेहरा तेवढा स्वच्छ होता आणि लाल होता. "तोंडात काही असलं," त्या एकेक शब्द तोडत म्हणाल्या, "की फुंकायचं नाही. कधीच नाही. श्वास नाकानं."

"एवढंच ना, बाई? आधी सांगायचं."

त्या संध्याकाळी हौसाची चूल पेटेना. तिचे हात पिठात होते. "अहो, जरा फुंकणी घ्या आणि जाळ करा." गेनबानं फुंकणी घेतली, तोंडाला लावली, चुलीपुढे उकिडवा बसला आणि नाकानं श्वास घेऊ लागला. धूर वाढला. हौसा खोकली. शेजारीण घर पेटलं म्हणून घागर घेऊन आली.

"फुंका की!"

गेनबानं मानेनंच नाही म्हटलं.

"का?"

गेनबानं फुंकणी बाजूला केली. "तोंडात काही असलं की फुंकायचं नाही. बाईंनी सांगितलंय." आणि परत तोंडाला लावली.

हौसा पिठाच्या हातानंच कपाळ धरून बसली. मग तिच्या मनात एक भयंकर विचार आला आणि धुरापेक्षा ती त्यानंच जास्त घाबरली. "अहो, बागलांच्या लग्नात क्लॅरिनेट तोंडात धरून असेच बसाल की काय? ऐका. फुंकायची वस्तू असली तर फुंकायची. क्लॅरिनेट फुंकायची. फुंकणी फुंकायची. बाकी काही फुंकायचं नाही. म्हणा."

गेनबानं म्हटलं. हौसानं ते त्याच्याकडून पाठ करून घेतलं, आणि तिच्या दृष्टीनं सगळा धोका टळला.

स्क्रू बसवायचा दिवस आला. शैलजाबाईंनी जागा बधिर केली आणि काम करता करता त्या बोलत राहिल्या, कारण बोलत राहिलं की हा रोगी गप्प राहतो हे त्यांच्या ध्यानात आलं होतं.

"पाया भक्कम हवा, ही पहिली गोष्ट. मग सावकाश भोक पाडायचं. स्क्रू सरळ बसवायचा. शेजारच्यांना धक्का लागू द्यायचा नाही. झालं. आता चार महिने याच्यावर भार टाकायचा नाही. क्लॅरिनेट नाही, ऊस नाही, पेरू नाही. एकदा हाडानं धरलं की कुणी कितीही ओढू दे, जागचा हलायचा नाही."

गेनबाची जीभ बधिर होती, पण प्रश्न विचारायचा राहिला नाही. "आणि नाहीच धरलं तर?"

"तर ब्रिज आहेच की. शेजारचे दोन घासायचे. त्याची आत्ता काळजी नको."

आणि मग एक नवल घडलं. चार महिने गेनबाच्या हातून एकही चूक झाली नाही. त्यानं क्लॅरिनेटला हात लावला नाही, पेरूकडे पाहिलं नाही, मऊ भात खाल्ला. शहाणी माणसं दुसऱ्याच दिवशी जीभ लावून बघतात, धरलाय का म्हणून. गेनबानं जीभ लावली नाही, कारण तसं कुणी सांगितलं नव्हतं. शैलजाबाईंनी दर वेळी तपासलं आणि त्या दर वेळी म्हणाल्या, "असा रोगी मी पाहिला नाही." हे त्या पहिल्या दिवशीही म्हणाल्या होत्या, पण निराळ्या सुरात.

तेवढे महिने गेनबा खुळखुळा हलवत जनरेटरच्या धुरात चालला आणि दिगंबर लाल कोट घालून पुढे. दिगंबरची क्लॅरिनेट ऐकून एका लग्नात नवरी पाठवणीच्या आधीच रडली. एका घोड्यानं चालायला नकार दिला. कासममास्तर कानात कापूस घालून वैशाखाची वाट बघत होते.

चैत्र सरताना दात चढला. शैलजाबाई म्हणाल्या, "आता हा तुमचा. वाजवा." गेनबानं दवाखान्यातच क्लॅरिनेट काढली आणि असा सूर लावला की बाकड्यावरचे सगळे रोगी दाढदुखी विसरले आणि त्यांतले दोघं बरं वाटतंय म्हणून घरी निघून गेले.

बागल अण्णांचं लग्न उजाडलं. मांडव गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाहुण्यांच्या गाड्या ओढ्यापर्यंत उभ्या. गेनबा लाल कोट घालून सगळ्यांच्या पुढे उभा राहिला. हौसा बहिणीला घेऊन मुद्दाम पहिल्या रांगेत बसली होती. गेनबानं फुंकायची वस्तू फुंकली. अक्षता पडेपर्यंत क्लॅरिनेट अशी वाजली की खुद्द बागल अण्णांनी येऊन कासममास्तरांचा हात धरला. "मास्तर, हा माणूस वरातीत पुढं पाहिजे. आमदार येणार आहेत संध्याकाळी."

दिगंबर जनरेटरशेजारी परत आला होता आणि तिथून क्लॅरिनेटकडे बघत होता. मांजर दुधाकडे बघतं तसं.

ते मास्तरांनी पाहिलं. पंगत उठली आणि बँडवाल्यांची जेवायची वेळ झाली, तेव्हा त्यांनी गेनबाला गाठलं. "गेन्या, आज वाद्य इथंतिथं टाकून जेवायला बसू नको. काही जणांची नजर आहे. क्लॅरिनेट अशी ठेव, की कुणी कितीही ओढली तरी जागची हलता कामा नये."

गेनबाचा चेहरा उजळला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला सांगितलेलं काम कसं करायचं हे आधीच ठाऊक होतं.

पाया भक्कम हवा. त्यानं मांडवात फिरून पाहिलं. खुर्च्या हलत होत्या. स्टेज हलत होतं. कमान तर वाऱ्यानंही हलत होती. हलत नव्हता तो एकच खांब, मुहूर्तमेढीचा. लग्न ठरल्यावर पूजा करून सगळ्यांत आधी रोवलेला, हळदकुंकू लावलेला, आंब्याची डहाळी बांधलेला. गेनबानं तो दोन्ही हातांनी हलवून पाहिला. हीच खूण.

मांडववाल्याकडून त्यानं ड्रिल मागून आणलं. सावकाश भोक पाडलं. क्लॅरिनेटला वर एक, मधे एक, खाली एक. स्क्रू सरळ बसवले. खांबाच्या एका बाजूला ट्रंपेट टेकवलेला होता आणि दुसऱ्या बाजूला सॅक्सोफोन. त्यांना त्यानं धक्का लागू दिला नाही. मग जरा विचार केला, मांडववाल्याच्या पेटीतून कानस घेतली, राहिलेलं काम उरकलं, हात धुतले आणि जेवायला बसला. जिलबी त्यानं पुढच्या दातानं तोडली.

ऊन उतरलं. घोडा सजला. नवरा-नवरी बाहेर आली, आमदारांची गाडी आली. कासममास्तरांनी टोपी सरळ केली. "गेन्या, क्लॅरिनेट?"

"बसवलीये, मास्तर."

"ठेवलीस होय? आण."

"बसवलीये. या, दाखवतो."

मास्तर खांबापाशी आले. त्यांनी पाहिलं. त्यांनी क्लॅरिनेट धरून ओढली. मग ढोलवाल्यानं ओढली. मग दिगंबर पळत येऊन लोंबकळला. क्लॅरिनेट जागची हलली नाही.

"बघा," गेनबा अभिमानानं म्हणाला.

"अरे स्क्रू काढा कुणीतरी!" मास्तर किंचाळले. तोच बागल अण्णांची म्हातारी आत्या काठी आपटत पुढे आली. "मांडवात बसवलेलं देवक उठेपर्यंत मेढीला कुणी हत्यार लावलंत तर याद राखा! आधीच कुणी मेल्यानं भोकं पाडलीत!"

"मग जागच्या जागी वाजव!" मास्तरांचा आवाज चिरकला. "इथं उभा राहून वाजव, पण वाजव!"

गेनबानं दोन्ही हात आडवे धरले. "नाही, मास्तर. आत्ताच बसवलीये. चार महिने भार टाकायचा नाही. लाकडानं धरायला पाहिजे."

घोड्यावरून नवरदेवानं विचारलं, "चार महिने? आम्ही इथंच बसायचं का?"

"मरू दे ती क्लॅरिनेट!" कासममास्तर ओरडले. "शिवा, ट्रंपेट घे! सॅक्सोफोन घ्या! सूर धरा!"

शिवानं ट्रंपेट उचलला आणि तसाच थांबला. ट्रंपेटचं तोंड घासून घासून पेन्सिलीच्या टोकाएवढं झालं होतं. सॅक्सोफोनचं तेवढंही उरलं नव्हतं. खाली पितळेचा भुगा पडला होता, हळदीसारखा पिवळाधमक.

घोड्यापुढे आता ढोल उरला होता आणि खुळखुळा. आमदार हात जोडून उभे होते. दिगंबर सावकाश चालत सगळ्यांच्या पुढे गेला आणि खुळखुळा हलवू लागला. पहिल्या रांगेत हौसानं डोक्यावरचा पदर सारखा केला.

कासममास्तर खांबाला टेकून खाली बसले. गेनबा त्यांच्याजवळ वाकला, हसला, आणि नवा दात उन्हात चमकला.

"घाबरू नका, मास्तर. लाकडानं नाहीच धरलं तर खोळंबा नको, म्हणून शेजारचे दोन मी आधीच घासून ठेवलेत. दोन्ही उपाय तयार आहेत. आता इम्प्लांट की ब्रिज, तेवढं तुम्ही ठरवा."